उंदीर बरे झाले, आता माणसांचं काय?

मागच्या रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांची बैठक होती, तिथे गुडघेदुखीवरून विषय निघाला आणि पंधरा मिनिटांत त्याचं भांडण झालं. कुणीतरी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली, की अमुक झाडाच्या पानांच्या अर्काने पेनकिलरमुळे होणारे पोटातले अल्सर थांबले, आता सायन्सनेही मान्य केलं. एक निवृत्त डॉक्टर लगेच म्हणाले, हे सगळं उंदरांवरचं आहे, सोडून द्या. समोरून एक वैद्यकाका म्हणाले, आमच्याकडे हे हजारो वर्षांपासून माहितीये, तुमच्या उंदरांची गरजच काय? दोघंही चांगली माणसं आहेत, दोघांकडे मी औषधाला गेलेय, आणि दोघंही नको त्या मुद्द्यावर भांडत होते असं माझं ठाम मत झालंय. माझं म्हणणं एवढंच आहे की वनस्पतींचे अर्क पेनकिलरच्या पोटावरच्या परिणामांविरुद्ध तपासलेच पाहिजेत, सरकारी पैशाने तपासले पाहिजेत, पण ते माणसांत तपासले पाहिजेत. उंदरापाशी थांबून त्याची बातमी करणं आणि उंदीर आहेत म्हणून अख्खा विषय टाकून देणं, या दोन्हीत खरी परीक्षा टळते, आणि टळल्याची किंमत तिसराच कुणीतरी भरतो.

आमच्या घरात ती आईने भरली. तिचे गुडघे सहा-सात वर्षं दुखतायत. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली स्ट्रिप आणायची, सकाळी एक संध्याकाळी एक, असं जवळजवळ आठ महिने चाललं. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही, पण चिठ्ठी कुणी विचारली नाही, आणि सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घ्या असंही कुणी सांगितलं नाही. आईने आपल्या परीने काळजी घेतली होती, रोज रात्री दुधातून चमचाभर जेष्ठमधाची पूड, कारण पोटाला थंड असतं आणि गोळीचा त्रास होत नाही असं तिला एका ओळखीच्या बाईंनी सांगितलेलं. त्रास झालाही नाही. पोट दुखलं नाही, जळजळ नाही. एक दिवस ठाणे स्टेशनच्या पुलावर तिला चक्कर आली, तपासलं तर हिमोग्लोबिन सहा, आणि मग विचारल्यावर तिने सांगितलं की पंधरा दिवसांपासून शी डांबरासारखी काळी होतेय. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. एन्डोस्कोपीत जठरात अल्सर दिसला.

आता यातून जेष्ठमध खोटं ठरतं का? नाही ठरत. एका बाईच्या पोटावरून काहीच ठरत नाही, ती पूड नसती तर सहाच्या जागी चार आलं असतं की काय हे मला कसं कळणार? पण हे न कळणं हाच तर सगळा प्रश्न आहे ना. लाखो घरांत हा प्रयोग रोज चाललाय, फक्त कुणी नोंद ठेवत नाही. तलावपाळीला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा, किंवा तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांना विचारा, पेनकिलर कुणी मोजत नाही आणि पोटासाठी प्रत्येकाचा काहीतरी घरगुती तोडगा असतो. कुणी सुंठ घेतं, कुणी आवळा, कुणी कोरफडीचा रस.

त्रास झाला नाही म्हणजे पोट सुखरूप, ही समजूत तर फारच घातक आहे. डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर औषधं दुखणं कमी करतात ती शरीरातली प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्यं बनू न देऊन. 1971 मध्ये जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिनबाबत हे दाखवलं आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अडचण अशी की तीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षणही करतात, चिकट थर बनवतात, आम्ल मारणारा क्षार सोडायला लावतात, रक्तपुरवठा राखतात. म्हणजे गुडघ्यातली आग विझवताना जठराचं छप्परही उडतं. आणि औषध रक्तातून जाऊन हे करतं, त्यामुळे गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं की पोट वाचतं हेही खरं नाही. त्यात गोळी दुखणंच दाबते म्हणून अल्सर झाला तरी बऱ्याच वेळा दुखत नाही, म्हाताऱ्या माणसांत तर पुष्कळदा पहिली खूण रक्तस्राव हीच असते. मग "घेतलं आणि बरं वाटलं" या साक्षीला या एका बाबतीत काय अर्थ राहिला? इतर कितीतरी आजारांत पेशंटचा अनुभव हाच मोठा पुरावा असतो हे मी मानते, इथे मात्र तो अनुभवच गोळीने बंद केलेला असतो.

डॉक्टरांचा मुद्दा आधी घेते, कारण तो वजनदार आहे. ते म्हणाले पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल अशी अ‍ॅसिडिटीची गोळी आहे ना, स्वस्त आहे, माणसांत तपासलेली आहे, जठराचे अल्सर आणि रक्तस्राव खरोखर कमी करतं, मग झाडपाल्यावर पैसे कशाला? हे बरोबर आहे, आणि आज माझ्या आईला मी तीच गोळी देते, ज्याला पेनकिलर घ्यावीच लागते आणि वय साठच्या पुढे आहे किंवा आधी अल्सर होऊन गेलाय त्याने डॉक्टरांना ही गोळी विचारून घ्यावी, पूड-काढ्याच्या भरवशावर राहू नये. पण ही गोळी आम्ल कमी करते, आणि आम्ल असतं जठरात. पेनकिलरचं नुकसान तिथेच थांबत नाही, खाली लहान आतड्यातही होतं, तिथे आम्लाचा नाही तर पित्त आणि जंतूंचा खेळ असतो, त्यामुळे तिथे या गोळीचं संरक्षण नाही. गिळायचा कॅमेरा आल्यावर हे दिसायला लागलं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात रोज पेनकिलर घेणाऱ्यांपैकी 71 टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा दिसली, न घेणाऱ्यांत 10 टक्के. त्यातल्या बहुतेक जखमा छोट्या होत्या हेही सांगायला हवं. तरी आतड्यासाठी नेहमीच्या वापरातलं खात्रीचं औषध आज हाताशी नाही, मग डॉक्टरसाहेब, शोधायचं कुठे? वनस्पतींत शोधू नका असा तर काही नियम नाही. अ‍ॅस्पिरिनची सुरुवातच विलो झाडाच्या सालीपासून झाली, 1763 मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने तापाच्या रुग्णांना ती साल दिल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं आणि 1897 मध्ये बायर कंपनीत त्याच कुळातल्या रसायनापासून गोळीचं द्रव्य तयार झालं. पोट बिघडवणारं औषध वनस्पतीच्या वाटेनेच आलंय. निसर्गातलं आहे म्हणून निरुपद्रवी असं म्हणणाऱ्यांनीही ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

वैद्यकाकांच्या दोन मुद्द्यांपैकी एक मला पटतो. ते म्हणतात आयुर्वेदात एक झाड, एक अर्क, एक रोग असं नसतंच, प्रकृती बघून, अग्नी बघून, पथ्य सांगून औषध देतात, आणि तुम्ही त्यातला एक अर्क काढून उंदराला पाजता आणि त्याला आयुर्वेदाची परीक्षा म्हणता. खरंय. ती परीक्षा आयुर्वेदाची नसते, एका अर्काची असते, आणि अर्क पास झाला म्हणून आयुर्वेद जिंकला आणि नापास झाला म्हणून हरला असं दोन्ही बाजूंनी बोलणं बंद व्हायला हवं. पण दुसरा मुद्दा, हजारो वर्षांच्या अनुभवाचा, तो इथे लागूच होत नाही असं मला वाटतं. आम्लपित्ताचा अनुभव हजारो वर्षांचा असेल, डायक्लोफिनॅकचा नाही. डायक्लोफिनॅक बाजारात आलं 1970 च्या दशकात. जो आजार आपल्या आजोबांनीही बघितला नव्हता, त्याच्यावरचा उपाय पूर्वजांनी अनुभवून ठेवलाय असं कसं म्हणता येईल? जुन्या ग्रंथातून दिशा मिळते, अंदाज मिळतो, कुठली झाडं आधी उचलायची हे कळतं, आणि ही मदत छोटी नाहीये. पण चरकांच्या परंपरेतच आप्तांच्या, म्हणजे विश्वासू जाणकारांच्या, उपदेशासोबत प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा परीक्षा सांगितल्यात ना? मग नव्या विषावर जुना उपाय चालतो का, हे प्रत्यक्ष बघायला नको म्हणणं परंपरेला धरून कसं होईल?

आता ते उंदीर. मी रबाळ्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये काम करते, फार्मसीला असताना हा प्रयोग जवळून पाहिलाय, त्यामुळे तो काय असतो ते सांगते. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर, सहा-सहाचे गट. आधी काही तास उपाशी ठेवायचं, एका गटाला नुसतं पाणी, एकाला ओळखीचं औषध, बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस, मग सगळ्यांना इन्डोमेथासिन किंवा अ‍ॅस्पिरिन या पेनकिलरचा मोठा डोस, चार-सहा तासांनी उंदीर मारून जठर उघडायचं आणि जखमांच्या लाल रेषा मोजायच्या. हे निरर्थक नाही. यातून एवढं कळतं की या अर्कात काहीतरी आहे, पुढे बघण्यासारखं. मी हे सगळं आईला समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, त्या उंदरांचे गुडघे दुखत होते का? बघा, हा प्रश्न अनेक पेपर लिहिणाऱ्यांना पडत नाही. उंदीर तरणा, निरोगी, एक डोस, एक दिवस. माणूस पासष्टीचा, बीपीचा, आठ महिने रोज दोन गोळ्या. सांधे सुजवलेल्या उंदरांत याच औषधांनी जठराला जास्त इजा होते हेही माहिती आहे, तरी बहुतेक प्रयोग निरोगी उंदरावरच होतात.

डोसचं गणित तर कुणी करूनच बघत नाही. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला, तर माणसाचा डोस काढायला नेहमीच्या पद्धतीने त्याला सहाने भागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम सुका अर्क. दहा ग्रॅम पाल्यातून एक ग्रॅम अर्क निघतो असं धरलं तर चाळीस ग्रॅम सुका पाला झाला. बातमीत लिहिलेलं असतं "रोज दोन पानं चावून खा". आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तपासलेलं क्वचितच दिसतं: अर्काने जठर वाचलं ते कशामुळे? अस्तर मजबूत झालं म्हणून, की त्या चिकट अर्काने पेनकिलर नीट शोषलीच गेली नाही म्हणून? दुसरं असेल तर पोट वाचलं पण गुडघा तसाच दुखणार, मग माणूस एकाच्या जागी दोन गोळ्या घेणार. रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजलं की हे कळतं. मोजायला फार अवघडही नाही, आमच्यासारख्या लॅबमध्ये असलं मोजमाप रोजचं काम आहे.

माणसांत असे प्रयोग होऊ शकतात का, तर होऊ शकतात, आणि झालेत. 1995 मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी 18 निरोगी स्वयंसेवक घेतले, एकदा नुसतं पाणी आणि एकदा 20 ग्रॅम मिरचीची पूड पाण्यासोबत दिली, अर्ध्या तासाने 600 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, मग एन्डोस्कोपी. मिरची घेतल्यावर इजा कमी दिसली. आपण सगळे उलटंच धरून चाललो असतो की नाही? म्हणून तर बघायचं असतं. एका डोसचा छोटा प्रयोग आहे, यावरून कुणी गोळीसोबत मिरची खायला लागू नका, पण माणसांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणसांत मिळालं. याउलट कच्च्या केळ्याचं बघा. 1984 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की भाजीच्या कच्च्या केळ्याची पूड अ‍ॅस्पिरिनचे अल्सर उंदरांत थांबवते, त्याच्याही आधी बनारसला यावर काम झालेलं. चाळीस वर्षं झाली. वसईची केळी आपल्या एवढ्या जवळ, आणि रोज पेनकिलर घेणाऱ्या माणसांवर त्या पुडीची मोठी, नीट घेतलेली ट्रायल काही माझ्या बघण्यात आलेली नाही.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधा हे आपल्याकडचं जुनं औषध ब्लडप्रेशरच्या पेशंटना देऊन, आकडे नोंदवून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, आणि जगभरात बीपीच्या उपचाराची दिशा बदलली. नंतर त्यातल्या रेसर्पिन या द्रव्याने काही पेशंटना डिप्रेशन आल्याच्या नोंदीही पुढे आल्या. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातली एक ओळ वाचून ओळखलं की ते झाड उकळायचं नाही, कमी तापमानाला अर्क काढला आणि मलेरियाचं औषध मिळालं, 2015 चं नोबेल. पण मधल्या पायऱ्या बघा, आधी प्राणी, मग त्यांनी स्वतः घेऊन पाहिलं, मग पेशंट. आणि नापास होणंही याच वाटेवर येतं. गुग्गुळ कोलेस्टेरॉल कमी करतं असं आपल्याकडच्या अभ्यासांत दिसलं होतं, 2003 मध्ये अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. त्यावर चिडण्यात काय अर्थ आहे? तिथल्या लोकांचा आहार वेगळा असेल, अर्क वेगळा असेल, मग परत तपासा. झाकून ठेवण्याने कुणाचंच कोलेस्टेरॉल उतरत नाही.

जेष्ठमधाचीच गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का लावून धरलंय ते कळेल. 1940 च्या दशकात हॉलंडच्या एका डॉक्टरांना दिसलं की जेष्ठमधाच्या अर्काने पोटाचे अल्सर सुधारतात. त्यातूनच पुढे कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध निघालं आणि 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये ते जठराच्या अल्सरवर सर्रास दिलं जायचं, अल्सर भरायचे सुद्धा. म्हणजे आईला सांगणाऱ्या बाई अगदीच चूक नव्हत्या. पण त्याच अभ्यासांतून हेही निघालं की त्याने अंगावर सूज येते, बीपी वाढतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. जेष्ठमधातलं मूळ द्रव्य ग्लायसिरायझिनही जास्त दिवस घेतलं की हेच करतं. आता पेनकिलर रोज कोण घेतं? साठीचे, बीपीचे, सूज येणारे लोक, आणि पेनकिलर स्वतःही बीपी वाढवते, पाणी धरून ठेवते. म्हणजे ज्यांना पोटाचं संरक्षण सगळ्यात जास्त हवं त्यांनाच हे दोन्ही एकत्र घेण्याचा धोका जास्त. चार तासांच्या उंदराच्या प्रयोगात हे दिसणार कसं? ग्लायसिरायझिन काढून टाकलेलं जेष्ठमध मिळतं, ते पेनकिलरसोबत महिनोन्‌महिने दिल्यावर काय होतं हा चांगला प्रश्न आहे, तो विचारा की.

अजून एक गोष्ट, जी माझ्या रोजच्या कामातली आहे. नाव एक असलं तरी माल एक नसतो. मसाला मार्केटमधून आलेल्या एकाच वनस्पतीच्या दोन लॉटचे एचपीटीएलसीवरचे (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीतले) पट्टे सारखे येत नाहीत, कधी जमीन वेगळी, कधी ऋतू, कधी झाडच वेगळं. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. समजा तसं असेल. मग बाजारात मिळणारी कुठली आहे हे पेशंटने कसं ओळखायचं? हा बचाव नाहीये, ही तर चाचणी सक्तीची करण्याची मागणी झाली. आपल्याकडे 2015 मध्ये फायटोफार्मास्युटिकल असा, म्हणजे वनस्पतींच्या प्रमाणित अर्कांच्या औषधांचा, वेगळा वर्ग कायद्यात आलाय, अर्क प्रमाणित करा, किमान चार घटक मोजून दाखवा, सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध करा, मग परवानगी. रस्ता आहे, त्यावर चालणारे कमी.

पैसे नाहीत, हा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. एमफार्म, म्हणजे फार्मसीची मास्टर्स करणाऱ्या मुलाकडे एक वर्ष आणि थोडे पैसे असतात, त्यात उंदीरच होणार, त्याला दोष देऊन काय उपयोग. पण दरवर्षी नवीन झाड, नवीन छत्तीस उंदीर, तोच लाल रेषांचा फोटो, आणि फाईल कपाटात, यात किती जीव आणि किती पैसा जातो? त्यापेक्षा पाच कॉलेजांनी मिळून दोनच झाडं धरली तर? दुसरा आक्षेप नीतीचा, की अर्क तपासायचा म्हणून पेशंटची अ‍ॅसिडिटीची गोळी काढून घेणार का? अजिबात नाही. सगळ्यांना गोळी द्यायचीच, निम्म्यांना सोबत अर्क, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनकामाचं चूर्ण, कोणाला काय दिलं हे डॉक्टरलाही माहीत नको, आणि बारा आठवड्यांनी लहान आतडं बघायचं, हिमोग्लोबिन बघायचं, शीमधून आतड्याच्या सुजेची टेस्ट करायची, बीपी आणि पोटॅशियम तर बघायचंच. निकाल काहीही आला तरी छापायचा, हे आधीच नोंदवून ठेवायचं. वैद्यकाकांना प्रकृती बघून औषध द्यायचं असेल तर तसाही गट ठेवता येतो, त्यांनी त्यांच्या पद्धतीने द्यावं, मोजणारा मात्र तिसरा असावा. कळव्याच्या हॉस्पिटलच्या ऑर्थो ओपीडीत, वाशी-नेरूळच्या दवाखान्यांत रोज पेनकिलर घेणारे लोक रांगेत बसलेले आहेत. त्यांना गरीब म्हणून गृहीत धरून काही करू नका, मराठीत नीट समजावून, नाही म्हणायची मुभा देऊन विचारा. खूप लोक हो म्हणतील, कारण त्यातले कितीतरी जण घरी काहीतरी घेतातच आहेत.

रविवारी हे सगळं मला हॉलमध्ये बोलता आलं नाही, चहा आला आणि विषय लिफ्टच्या दुरुस्तीवर गेला. जाताना मी दोघांनाही एकच विचारलं, एकत्र बसून एक प्रश्न लिहून द्याल का, कुठलं झाड, कुणाला, किती दिवस, काय मोजायचं. डॉक्टर म्हणाले बघू. वैद्यकाकांनी बुधवारी फोन केला आणि ग्लायसिरायझिन काढलेल्या जेष्ठमधाबद्दल अर्धा तास बोलले. आईची पुडीची बाटली अजून ओट्यावर आहे, तिच्यावर ना बॅच नंबर ना तारीख. ती रोज रात्री विचारते, आता चालेल का गं, आणि मी बीपीचं मशीन बघते, वरचा आकडा अजून दीडशेच्या खाली येत नाहीये, म्हणून नाही म्हणते.